बिननावाचा नवस

नवस, जसा बोलला गेला तसा

"आता पोट्टीचं सांगतो, नीट ऐक. लय लहान हाये ते. तिले राहू दे. तिले राहू देलं, तं मी अख्खा तांडा एका कढईतून जेवू घालीन. एकही माणूस सोडणार नाही. एका कढईतून, ऐकलं ना? बाकीचं तू पाह्य."

इतकाच होता. रुपीबाई तो गोरबोलीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलली, इथे मराठीत केला आहे. जागा यवतमाळच्या मोठ्या दवाखान्याचा ओटा, नवजात बाळांच्या विभागाबाहेरचा. वेळ भर दुपारची. आत काचेच्या पेटीत तिची नात होती, दिवस भरायच्या आधीच जगात आलेली. पुढचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते. सून वर्षा दुसऱ्या मजल्यावर सलाईनवर, मुलगा बादल औषधाच्या दुकानात, नवरा पूनमसिंग गावी. रुपीबाईच्या हातात बिस्किटाचा फोडलेला पुडा होता. ती बोलली, मग एक बिस्किट खाल्लं, कारण सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

नवसात एक गोष्ट राहून गेली. तेव्हा ती कोणाच्या लक्षात आली नाही, तिच्याही नाही.

नात वाचली. पेटीतून आईच्या कुशीत आली, कुशीतून बादलच्या जीपमध्ये, जीपमधून खोलदरी तांड्यात. दारात भाकरतुकडा ओवाळून टाकताना शेजारच्या बिजलीबाईने सहज विचारलं, "नवस कोणाले बोलली होती व?"

रुपीबाईने तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं.

"काहून? आठोत नाही का?"

"आठोते ना. पन् नाव नाही घेतलं."

"नाव नाही घेतलं? मंग काय म्हटलं?"

"तू म्हटलं."

"तू म्हंजे कोण?"

"तू म्हंजे," रुपीबाई म्हणाली, "जो ऐकून राह्यला होता तो."

पत्ता

तांड्यात नवसाला पत्ता असतो. देवीला बोललेला नवस देवीपुढे फिटतो, बोकडाने. सेवालाल महाराजांना बोललेला त्यांच्यापुढे, विस्तवावर तूप आणि लापशीचा भोग लावून. दर्ग्याला बोललेला चादरीने. भलत्या ठिकाणी फेडला तर तो फिटत नाही, बोलणाऱ्याच्या डोक्यावरच राहतो, आणि ज्याच्यासाठी बोलला त्याला बाधतो असंही म्हणतात. बिनपत्त्याचा नवस कोणी ऐकलेला नव्हता. बिजलीबाई घरी पोचायच्या आत तो सगळ्या तांड्याने ऐकला.

कंठी

खोलदरी तांडा आर्णीपासून फार लांब नाही. त्यातल्या अर्ध्या लोकांच्या गळ्यात पांढऱ्या मण्यांची कंठी आहे, अर्ध्यांच्या नाही. कंठी निजबोध मंडळाची. ती घातली की दारू सुटते, मटण सुटतं, दुसऱ्या देवाच्या नावाने दिलेलं अन्न सुटतं. आणि नवस सुटतो. देवाशी सौदा करायचा नाही, असं मंडळात सांगतात.

तेव्हापासून तांड्यातल्या लग्नात दोन मांडव पडतात आणि दोन आचारी येतात. भांडण नाही. उसनी साखर चालते, आजारपणात जाणं चालतं, एकमेकांच्या शेतात वेचणीला जाणं चालतं. सणावाराचं जेवण तेवढं चालत नाही. रुपीबाईच्या नवसातला शब्द आठवून पाहा: एका कढईतून. वर्षानुवर्षं जे झालं नव्हतं नेमकं तेच ती बोलून बसली होती. बकरं बोलली असती, नारळ बोलली असती, उपास बोलली असती. काहून असं बोलली, हे तिचं तिला सांगता येत नव्हतं. तोंडातून तेच निघालं.

आणि तिच्या स्वतःच्या गळ्यात कंठी होती.

पूनमसिंगने आधी घेतली, मग तिने. त्याआधीचा पूनमसिंग आर्णीच्या बसस्टँडमागे आडवा सापडायचा. बादल शाळकरी असताना बापाला हातगाडीवर घालून आणायचा. कंठी घेतल्यापासून थेंब नाही. आर्णीला मंडळाचं पत्र्याचं सभागृह आहे, तिथे दर गुरुवारी दारात बसून तो चपला सांभाळतो. ज्या लोकांनी त्याला नालीत पाहिलं होतं ते आता 'पूनमसिंगजी, जरा या चपला' म्हणतात. तो प्रत्येक जोड भिंतीशी सरळ लावतो.

रुपीबाईला मंडळात माइक मिळाला होता. प्रार्थनेची पहिली ओळ ती म्हणायची, मागून सगळं सभागृह. तिचा आवाज खर्जातला, शेतात हाका मारून तयार झालेला. पहिल्यांदा माइकवर म्हणताना स्वतःचाच आवाज पत्र्यावरून परत आला तेव्हा ती दचकली होती, आणि मग तिला ते फार आवडलं होतं. माइक तिच्या हातात देणाऱ्या कुंदाताई दारव्ह्याच्या, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, महिला शाखेच्या प्रमुख. शिस्तीच्या. उशिरा आलेल्याला मागे बसवायच्या, मग तो कोणीही असो. पण नात पेटीत असताना याच कुंदाताई नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून यवतमाळला आल्या होत्या, स्वतः शिवलेली कुंची घेऊन. कुंची मोठी झाली. "वाढेल तेव्हा होईल," त्या म्हणाल्या होत्या, जणू वाढणार हे ठरलेलंच होतं. रुपीबाई ते वाक्य विसरली नव्हती.

जेठ आणि टेलिफोन

किसनसिंग म्हणजे पूनमसिंगचा मोठा भाऊ, तांड्याचा नायक, बिनकंठीवाला. बातमी ऐकून तो आला आणि अंगणातल्या खाटेवर बसला. रुपीबाई जेठाशी थेट बोलत नाही. पदर पुढे ओढते आणि जे सांगायचं ते तिसऱ्याला सांगते. तिसरी वर्षा होती, मांडीवर बाळ घेऊन.

"वर्षा, तुह्या सासूले विचार, नवस बोलली तवा कोनत्या बोलीत बोलली?"

"वर्षा, सांग त्याहिले. गोरबोलीत."

"झालं तं मंग! गोरबोली मंडळाच्या महाराजाले समजते का? नाही समजत. आपली बोली आपल्याच देवाले समजन का नाही? नवस सेवालाल महाराजाले पोचला. भोग लावा, मोकळे व्हा."

"वर्षा, त्याहिले विचार, देवाले एकच बोली येत असन, तं तो एवढी दुनिया सांभाळते कसा?"

"वर्षा, तिले सांग, शहाणपन कमी कर."

"मी काय टेलिफोन हाये का?" वर्षा म्हणाली. "तोंडासमोर तं बसून हा दोघंबी."

"टेलिफोन असती तं बादलले बिल भरा लागलं असतं," किसनसिंग म्हणाला, आणि पदराआड रुपीबाई हसली.

मग तो बाळाकडे बघत राहिला. बाळ झोपेत ओठ हलवत होतं.

"हे पाह्य वर्षा," तो हळू आवाजात म्हणाला, "कढई मी देतो. तांड्याची मोठी कढई माह्याच घरी हाये, किती सालापासून चुलीवर चढली नाही. पन् देवाले देल्याशिवाय मी घास तोंडात घालत नाही. आजवर घातला नाही. नायकच जेवला नाही, तं अख्खा तांडा कसा जेवला? हे सांग तुह्या सासूले."

ती ऐकतच होती.

पूनमसिंगचं म्हणणं, सगळं एकदम, कारण तो एरवी बोलत नाही

"मंडळात कळलं तं तुही कंठी काढतीन. माही राहीन. पन् भोगाचं जेवन घरात शिजलं, मी खाल्लं, तं माहीबी जाईन. मले भेव लागते रुपी. लोकं म्हनतेत पूनमसिंगनं दारू सोडली. मी नाही सोडली. या मण्यानं मले धरून ठेवलं हाये. दुकानापाशी आलो का हात गळ्याशी जाते, मणी लागते, मंग पाय पुढं जातेत. तुहं येगळं हाये. तू चुलीपाशी बोलते, कापसात बोलते, बकरीशी बोलता बोलता त्याच्याशी बोलते. मी ऐकलं हाये कितीक डाव. मले नाही जमत तसं. मी एकटा बसलो का तिथं कोनीच नसते. मले गुरुवार लागते. चपला लागते. रामराम घालनारी माणसं लागते. तवा कुठं मले वाटते का असन बा देव. तुले देव घरात हाये, मले तिथं जा लागते. मंग सांग, मी काय करू?"

रुपीबाईने त्याच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. तो बरोबर बोलत होता. तिला इतकी वर्षं वाटायचं की सगळ्यांना तसंच ऐकू येतं, जसं तिला येतं. म्हणजे ऐकू काही येत नाही, पण कोणीतरी कान देऊन आहे एवढं कळतं. आपला नवरा त्या ठिकाणी रिकाम्या खोलीत बसल्यासारखा बसतो हे तिला आज कळलं. आणि त्याला जाण्यापुरतं एक दार कोणीतरी बांधून ठेवलं, म्हणून तिला त्या पत्र्याच्या सभागृहाचं फार बरं वाटलं.

फोन

"कोन? धम्मदीप का? मी खोलदरीची रुपीबाई. लहान पोट्टीची आजी."

"मावशी! कशी हाये पोरगी? दूध पेते ना?"

धम्मदीप त्या विभागातला ब्रदर. काचेच्या पेटीत हात घालून नळी सरळ करायचा तेव्हा बाळाशी बोलायचा, "काय मॅडम, आज मूड नाही का?" असं.

"पेते, पेते. बावा, मले एक सांग. पोट्टी कोनानं वाचवली?"

"म्हंजे?"

"नवस फेडाचा हाये. नाव घ्यायचं राहून गेलं माह्याकडून. तू आतमंधी होता. तुले काही दिसलं असन."

मागे एक यंत्र वाजत होतं, ते धम्मदीपने बंद केलं.

"मावशी, मले ऑक्सिजन दिसला. डॉक्टर मॅडम घरी गेल्या नाहीत ते दिसलं. आन् ते पोट्टी भल्ली जिद्दी हाये ते दिसलं. नळी काढून फेकाची."

"आन् तू कोनाले मानते?"

"मी बुद्धाले मानतो. पन् त्याच्या नावावर टाकू नका. तो म्हनते तुमचं तुमी पाहा."

"मंग तुहं नाव टाकू का?"

"माह्या नावानं लापशी केली तं मले डबा पाठवा लागन," धम्मदीप म्हणाला. "बादलदादाच्या जीपनं पाठवा. तूप जास्त टाका."

फोन ठेवल्यावर तिने मनगटाकडे पाहिलं. तिथे एक काळा दोरा होता. दवाखान्याच्या ओट्यावर राजूरची एक बाई तिच्या शेजारी झोपायची, नवरा कोळसा खाणीत, मुलगा आत पेटीत. दर्ग्यातून आणलेल्या दोऱ्याचे तिने दोन तुकडे केले होते आणि एक रुपीबाईला बांधला होता. तिलाही विचारायला हवं होतं. पण तिचा नंबर घ्यायचा राहून गेला होता, आणि तिच्या मुलाचं पुढे काय झालं हे विचारायचंही.

कढई, मंडळाच्या नावाने (ही झाली नाही)

गुरुवारी रुपीबाई सभेत उभी राहते. गुरुकृपेने नात वाचली म्हणते. टाळ्या पडतात. नवस हा शब्द ती उच्चारत नाही. रविवारी मंडळाच्या नावाने लापशी होते. कंठीवाले येतात, जेवतात. बिनकंठीवाले आपापल्या दारात उभे राहून वास घेतात. किसनसिंगची कढई परत जाते, अर्ध्या तांड्याचं जेवण केलेली.

कढई, सेवालाल महाराजांच्या नावाने (हीसुद्धा झाली नाही)

नायक विस्तवावर तूप सोडतो, ज्योत भक्कन वर येते, भोग पोचला. अरदास होते. त्या अरदासीत मुंगीपासून माणसापर्यंत सगळ्यांचं भलं मागतात. ती रुपीबाईला लहानपणापासून पाठ आहे आणि अजून ऐकली की तिच्या अंगावर काटा येतो. बिनकंठीवाले जेवतात. कंठीवाले दारं लावून घेतात. पूनमसिंग शेतात निघून जातो.

कढई, दोन्ही नावांनी, एकाला एक सांगून आणि दुसऱ्याला दुसरं (ही जवळजवळ झाली)

ही सगळ्यात सोपी होती. बिजलीबाईने सुचवली, तिच्याही गळ्यात कंठी असून. "मंडळवाल्याइले सांग तुमच्या नावाची हाये, नायकाले सांग सेवालाल महाराजाच्या नावाची हाये. लापशी तं काही बोलत नाही ना!"

रुपीबाईने रात्रभर नाही, पण गव्हाचा दलिया काढून होईपर्यंत यावर विचार केला. जात्याचा खुंटा एकदा बिजलीबाईच्या हातात, एकदा तिच्या. अख्खा तांडा जेवेल. कोणाची कंठी जाणार नाही. नवऱ्याचा गुरुवार राहील. तिचा माइक राहील. काय बिघडलं?

"सगळ्याइले फसवता येईन," ती शेवटी म्हणाली. "पन् ज्यानं ऐकलं त्याले तं माईत हाये ना, मी नाव घेतलं नव्हतं. त्याचेच आभार मानाचे, आन् त्याच्याच समोर खोटं बोलाचं?"

"मंग तुह्या हातानं तुही कंठी जाते."

"जाईन."

"माइकबी."

रुपीबाईने जात्यात मूठभर गहू टाकले.

कढई, जशी झाली तशी

रविवारी सकाळी अंगणात तीन दगडांवर कढई चढली. गूळ विरघळला, दलिया पडला, तूप पडलं. पूनमसिंग उलथनं घेऊन ढवळायला उभा राहिला. ढवळणं हे काही खाणं नव्हे. तांडा गोळा झाला, पण दोन घोळक्यांत, आणि हातात कोणाच्याच ताट नव्हतं. सगळे बघायला आले होते.

बादलची जीप दारव्ह्याकडून आली. पुढच्या सीटवरून कुंदाताई उतरल्या. मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं असणार. त्या थेट चुलीपाशी आल्या.

"रुपीबाई, मी ऐकलं ते खरं आहे का?"

"हाव ताई. पानी घ्या आधी."

पाणी पिऊन त्या खाटेवर बसल्या. "नवस बोललात?"

"हाव."

"कोणाला?"

"नाव नाही घेतलं."

"आठवत नाही, की घेतलं नाही?"

"घेतलंच नाही. त्या टायमाले नाव सुचलंच नाही. तो होता, मी बोलली."

कुंदाताईंनी आवाज खाली आणला. "हे बघा. तुम्ही घाबरल्या होतात. कोणीही घाबरेल. येत्या गुरुवारी उभ्या राहा आणि म्हणा, भीतीपोटी चुकून बोलले, क्षमा असावी. बस. मी पुढे जाऊ देणार नाही. एवढं माझ्या हातात आहे."

किती साधं होतं. रुपीबाईने कढईकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. तो ढवळायचा थांबला होता. वर्षा बाळाला खांद्यावर घेऊन उभी होती आणि बाळाच्या डोक्यावर ती कुंची अजूनही मोठीच होत होती.

"ताई, तुमी माह्यासाठी एवढं केलं," रुपीबाई म्हणाली. "पन् चुकून नाही बोलली मी. उभ्या जिनगीत तेवढं खरं मी कवाच बोलली नसन. त्याले चूक कशी म्हनू?"

"मग मला कंठी घ्यावी लागेल."

"माईत हाये. सकाळीच धुऊन ठेवली."

तिने पदरातून कंठी काढली. ती गळ्यात नव्हतीच, हे तोवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. ओल्या मण्यांना अजून साबणाचा वास होता. कुंदाताईंनी ती रुमालात गुंडाळली. गुंडाळताना एकदा चुकलं, पुन्हा गुंडाळली. त्यांना नाक पुसायचं होतं आणि रुमाल त्यात अडकला होता. वर्षाने बाळाचं फडकं पुढे केलं.

लापशी खाली लागायला लागली तसा वास आला.

"अबे ढवळ ना!" किसनसिंग भावावर ओरडत अंगणात शिरला. त्याच्या हातात रिकामी वाटी होती, धोतराला राख लागलेली. "काय झालं? काहून सगळे असे मयतीले आल्यावानी उभे हा?"

"तुमीच तं म्हटलं होतं, भोगाशिवाय जेवत नाही," वर्षा म्हणाली.

"म्हटलं होतं. मंग लावून आलो ना. माह्या घरी, माह्या विस्तवावर, माह्या बायकोनं शिजवलेल्या लापशीचा. म्हटलं महाराज, त्या बाईची कढई कोरी हाये, तिचं तिच्यापाशी. पन् पोट्टी माही नात हाये, तिच्यासाठी मी माह्याकडून देऊन राह्यलो. ज्योत आली. आता मी मोकळा. टाक वर्षा, भूक लागली."

बिनकंठीवाल्यांच्या घोळक्यात हसू पसरलं आणि बायका ताटं आणायला घरोघर पळाल्या. कंठीवाले हलले नाहीत. ते कुंदाताईंकडे बघत होते.

कुंदाताई उठल्या, कढईपाशी गेल्या.

"नायक, या कढईत भोगाचं काही पडलंय?"

"एक दाना नाही."

"रुपीबाई, हे कोणाच्या नावाने आहे?"

"कोनाच्याच नाही. आभाराचं हाये."

"आपला नियम मला पाठ आहे," कुंदाताई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "नवस बोलू नये. तो मोडला, त्याची कंठी मी घेतली. दुसरा नियम, दुसऱ्या देवाच्या नावाने दिलेलं अन्न घेऊ नये. इथे नावच नाही. सगळी नोकरी मी नियम वाचण्यात घालवली. जे लिहिलेलं नाही ते मी कधी वाचलं नाही, आणि आता या वयात वाचणार नाही. मला ताट द्या."

"ताई, मंडळाच्या मोठ्या साहेबाले विचारा लागन ना?" कंठीवाल्यांतला एक लखीराम म्हणाला.

"विचारा. तोवर लापशी गार होईल."

त्या उभ्यानेच जेवल्या. पहिला घास घेऊन म्हणाल्या, "गूळ थोडा कमी आहे."

"पाहा, ताईनं सासूवानी नाव ठेवलंच!" बिजलीबाई म्हणाली, आणि मग अंगणात जे झालं त्याला गर्दीच म्हणावं लागेल. कंठीवाले आणि बिनकंठीवाले एकमेकांच्या ताटात बघत होते, जणू आत वेगवेगळं काही आहे का. लखीराम शेवटी बसला आणि तीनदा मागून घेतलं. म्हाताऱ्यांनी मऊ भाग मागितला. लहान पोरांनी आळीपाळीने कढईत डोकावून चटके घेतले. धम्मदीपचा डबा भरून जीपमध्ये ठेवला, तूप वरून वेगळं. पूनमसिंग सगळ्यांना वाढत होता, घामाने निथळत, कधी नव्हे इतका बडबडत.

तो स्वतः जेवला नव्हता.

रुपीबाईच्या ते ध्यानात आलं. अंगण रिकामं होत आलं होतं. कढईच्या तळाशी खरवड राहिली होती. एकही माणूस सोडणार नाही, असं ती बोलली होती, आणि सुटलेला माणूस तिच्या घरातला होता.

"ताईनं सांगतलं, नियम आड येत नाही," ती म्हणाली.

"ऐकलं मी."

"मंग?"

त्याचा हात गळ्याशी गेला. "नियमाचं नाही रुपी. मी खाल्लं, आन् उद्या हे मणी हाताले लागलेच नाही तं? आजवर जे पाळलं ते पाळलं. एक धागा सैल केला, तं मंग कुठं थांबीन मले माईत नाही."

तांड्यातली कोणतीही बाई या जागी म्हणाली असती, माह्या नवसासाठी, नातीसाठी एक घास. रुपीबाईच्याही ओठांवर ते आलं होतं. तिने त्याच्या हातातलं उलथनं काढून घेतलं.

"नका खाऊ," ती म्हणाली. "मी सांगीन त्याले. म्हनीन एक राह्यला, त्याले भेव लागते, त्याचं तू समजून घे. तो रागावनारा असता तं पोट्टी देली नसती."

पूनमसिंग तिच्याकडे बघत राहिला. नवस अर्धा ठेवून ती त्याला सोडत होती, आणि तिच्या तोंडावर कुठेच नाराजी नव्हती. तो कढईच्या काठावर वाकला, बोटाने खरवड काढली आणि तोंडात घातली. मग आणखी काढली. मग उलथन्यानेच खाऊ लागला.

"पूनमसिंगजी," खाटेवरून कुंदाताई म्हणाल्या, "ताटात घ्या. जीभ भाजेल."

"हाव ताई," तो भरल्या तोंडाने म्हणाला, आणि रडत होता की धूर गेला होता, हे कोणी विचारलं नाही.

जीपमध्ये बसताना कुंदाताई थांबल्या. "गुरुवारी तुम्हाला आत बसता येणार नाही, रुपीबाई."

"माईत हाये."

"माइक कोणाला देऊ?"

रुपीबाईने श्वास घेतला. हे तिला वाटलं त्यापेक्षा जड गेलं.

"बिजलीबाईले द्या. आवाज चांगला हाये. फक्त घाई करते, तिले सांगा, लोकाइले श्वास घेऊ दे."

गुरुवार, कापसात

"आता निघाली असन तिकडं प्रार्थना. बिजली पळवून राह्यली असन. बादलचे बाबा सकाळीच गेले, अंघोळ करून, मणी पुसून. जाताना विचारलं, येतं का, बाहेर चपलेपाशी बस माह्यासंगं. मी म्हटलं, पुढच्या येळेस पाहू. मले जावं वाटलं, खोटं कायले सांगू. गळा मोकळा मोकळा लागते. हात जाते तिथं, काही नाही लागत.

वर्षा म्हनते, नवस फिटला, आता कोनाशी बोलून राह्यल्या? म्हटलं काही काम नाही व, असंच. काम असलं का बोलाचं, हे बरं नाही दिसत. तुलेबी वाटन, हे बाई गरजेपुरतीच येते.

कुंदाताईचा गुडघा दुखते, तेवढं पाह्य. धम्मदीपचा डबा रिकामा आला, चाटूनपुसून. त्याचं लग्न जुळव कुठं, पन् मी सांगतलं म्हून सांगू नको, हसन तो. राजूरच्या त्या बाईचं पोरगं. त्याचं काय झालं ते तुले माईत. चांगलं झालं असन तं आभार. नसन झालं तं तिच्यापाशी जाऊन बस जरा, मी आज इथं एकटीनं वेचू शकतो.

यंदा बोंडं भल्ली फुटली. पोट्टीनं सकाळी शिंक देली, एवढीशी, आन् सोताच दचकली. तू पाह्यलं का? आम्ही सगळे हसून राह्यलो होतो. त्याचेबी घे आभार, वरतून.

थांब. झोळी भरली. रिकामी करून येतो."